न फोडतां पाहणें : न्यूट्रॉनांनीं काढलेलीं घनचित्रें

बाजारांत नारळ घेणारा चतुर गृहस्थ नारळ कानाशीं नेऊन हालवितो, बोटानें त्यावर टिचकी मारतो आणि मगच पैसे काढतो. फोडून पाहावा तर नारळ विकत घेतल्यासारखाच झाला. न फोडतां घ्यावा तर आंत खोबरें आहे कीं कुजका गर, याची शाश्वति नाहीं. बंद वस्तूच्या आंत काय आहे हें जाणण्याची मनुष्याची इच्छा फार जुनी आहे, आणि ती पुरी करण्याचा खात्रीचा मार्ग दीर्घ काळ एकच होता : वस्तु फोडणें. नारळाच्या बाबतींत हा मार्ग कांहीं वाईट नाहीं, कारण नारळ दुसरा मिळतो. पण जी वस्तु जगांत एकच आहे, तिच्या बाबतींत काय करावयाचें?

एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय विद्वानांनीं या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ वेळां उतावळेपणानें दिलें. १८३० नंतरच्या दशकांत लंडन शहरीं टॉमस पेटिग्रू नांवाचा शस्त्रवैद्य इजिप्तमधून आणलेल्या ममी जमलेल्या प्रेक्षकांसमोर उलगडून दाखवीत असे. हजारों वर्षें जपून राहिलेलीं वस्त्रें एका बैठकींत सुटत, आणि तीं पुन्हां पूर्ववत् गुंडाळण्याची विद्या कोणालाहि अवगत नव्हती. प्रेक्षकांचें कुतूहल शमे; पण पुढील पिढ्यांनीं विचारावयाचे प्रश्न मात्र त्या चिंध्यांबरोबर कायमचे नाहींसे होत.

त्याच लंडन शहरांतील ब्रिटिश म्युझियममध्यें प्राचीन इजिप्तच्या सहा लहान पेट्या आहेत. त्या तांब्याच्या मिश्र धातूच्या असून चोहों बाजूंनीं बंद आहेत. कांहींवर सरड्याची, कांहींवर वाम माशाची आकृति बसविली आहे. दोन पेट्यांवर तर अर्धा वाम, अर्धा नाग आणि डोकें मनुष्याचें, अशी विलक्षण मूर्ति आहे. प्राचीन मिसरी लोक या प्राण्यांचा संबंध आतुम नांवाच्या सृष्टिकर्त्या सूर्यदेवाशीं जोडीत. तीन पेट्या नौक्रातिस या जुन्या नगराच्या अवशेषांत १८८५ सालीं सांपडल्या. त्या ख्रिस्तपूर्व ५०० ते ३०० या काळांतल्या मानतात. चौथी तेल-एल-यहुदिया येथील असून तिचा काळ ख्रिस्तपूर्व ६६४ ते ३३२ असा धरतात. वर प्राण्याची आकृति आहे, तेव्हां आंत त्या प्राण्याचा देह असावा, असा तर्क करणें सोपें होतें. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पेटी कापली असती तर पुरावा मिळाला असता, पण ज्या भक्तानें ती बंद करून देवाला वाहिली त्याचें कृत्य अडीच हजार वर्षांनंतर निष्फळ झालें असतें आणि संग्रहालयाच्या हातीं एक फुटकी पेटी उरली असती. या पेट्यांचें रहस्य अखेर त्यांना धक्का न लावतां उलगडलें. तें कसें, हें समजण्यासाठीं आधीं क्ष-किरण येथें कां उपयोगी पडले नाहींत, तें पाहिलें पाहिजे.

क्ष-किरणांचा शोध राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञास १८९५ सालीं लागला. हाड मोडलें कीं क्ष-किरणांनीं चित्र काढावयाचें, ही गोष्ट आतां घरोघरीं ठाऊक आहे. हे किरण पदार्थांतून जातांना त्यांची गांठ परमाणूंमधील इलेक्ट्रॉनांशीं पडते. ज्या परमाणूंत इलेक्ट्रॉन अधिक, तो परमाणु क्ष-किरणांना अधिक अडवितो. हायड्रोजनाच्या परमाणूंत एकच इलेक्ट्रॉन, तांब्याच्या परमाणूंत २९, आणि शिशाच्या परमाणूंत ८२. म्हणून मांसांत हाड स्पष्ट दिसतें, कारण हाडांतील कॅल्शियम हें मांसांतील द्रव्यांहून जड आहे. पण हीच व्यवस्था उलट केली, म्हणजे जड द्रव्य बाहेर आणि हलकें आंत असें झालें, कीं क्ष-किरणांचा निरुपाय होतो. धातूच्या जाड भिंतीआड तागाच्या कापडाचा तुकडा किंवा बारीक हाड असेल, तर भिंतीच्या गडद सावलींत त्याची पुसट सावली बुडून जाते. त्यांतून पेटींत शिसें असेल तर मग विचारावयासच नको.

येथें उपयोगी पडतो तो न्यूट्रॉन. १९३२ सालीं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत जेम्स चॅडविक यानें या कणाचें अस्तित्व सिद्ध केलें, आणि त्याबद्दल त्याला १९३५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. न्यूट्रॉनावर विजेचा कसलाहि भार नसतो. त्यामुळें इलेक्ट्रॉनांची गर्दी त्याला अडवीत नाहीं. तो तिच्यांतून सरळ निघून जातो आणि परमाणूच्या केंद्राशीं गांठ पडली तरच अडतो किंवा बाजूला उडतो. कोणतें केंद्र त्याला किती अडवील, याचा त्या द्रव्याच्या जडपणाशीं संबंध नाहीं, हीच यांतील महत्त्वाची गोष्ट आहे. सुमारें दोन सेंटिमीटर जाडीच्या शिशांतून मंद गतीचे निम्मे न्यूट्रॉन पार होतात. उलट पाण्याचा अवघा दोन मिलिमीटर जाडीचा थर निम्म्या न्यूट्रॉनांना मार्गांतून बाजूला काढतो. ॲल्युमिनियमचें कित्येक सेंटिमीटर जाड पत्र तर त्यांना जवळ जवळ कांचेसारखें आहे. हा पाण्याचा प्रताप त्यांतील हायड्रोजनाचा आहे. आणि लांकूड, कागद, कापड, तेल, चामडें, या सर्वांत हायड्रोजन भरलेला असतो. म्हणजे क्ष-किरणांना जें दिसत नाहीं तेंच न्यूट्रॉनांना ठळक दिसतें, आणि जें क्ष-किरणांची वाट अडवितें त्यांतून न्यूट्रॉन वाट काढतात. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. एकाच प्रसंगाचे, वेगवेगळ्या जागीं उभे असलेले दोन साक्षीदार आहेत.

न्यूट्रॉनांच्या साह्यानें सावली टिपण्याची कल्पना चॅडविकच्या शोधानंतर थोड्याच वर्षांत बर्लिन येथें हार्टमुट कालमान आणि त्याचा सहकारी कून यांनीं प्रत्यक्षांत आणली. कालमान ज्यू असल्यामुळें नाझी राजवटींत १९३३ सालीं त्याला आपली जागा गमवावी लागली होती; तरीहि त्यानें हें काम केलें. त्यांच्याजवळचा न्यूट्रॉनांचा झरा मात्र फार क्षीण होता. पुढें महायुद्ध संपलें, अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, आणि १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील हार्वेल येथें अणुभट्टीच्या जोरदार प्रवाहावर चांगलीं छायाचित्रें निघूं लागलीं.

परंतु छायाचित्र म्हणजे शेवटीं सावलीच. भिंतीवर पडलेल्या सावलींत पुढचें आणि मागचें एकावर एक पडतें. हाताची सावली पाहून अंगठा पुढें आहे कीं मागें, हें सांगतां येत नाहीं. सावलीवरून घन आकार कसा ओळखावा? उत्तर असें कीं, एकाच वस्तूच्या अनेक दिशांनीं सावल्या घ्याव्या आणि मग गणिताला शरण जावें.

हें गणित कसें चालतें तें घरांतील शाळकरी मुलांनाहि कागदावर करून पाहतां येईल. एक चौकोन काढून त्याचीं चार घरें पाडावीं. वरच्या ओळींत दोन, खालच्या ओळींत दोन. प्रत्येक घरांत एक आंकडा लपलेला आहे. तो दिसत नाहीं, फक्त बेरजा कळतात. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची १०. डाव्या स्तंभाची ८, उजव्या स्तंभाची ९. आतां आंकडे कोणते? वर ५ आणि २, खालीं ३ आणि ७, हें उत्तर जुळतें. पण वर ४ आणि ३, खालीं ४ आणि ६, हेंहि तितकेंच जुळतें. म्हणजे दोन दिशांनीं पाहून भागत नाहीं. मग तिसऱ्या दिशेनें, डावीकडील वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडील खालच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपी बेरीज विचारावी. ती १२ आहे असें कळलें कीं संशय फिटतो : ५ आणि ७ मिळून १२ होतात, ४ आणि ६ मिळून होत नाहींत. वस्तूंतून पार झालेला प्रत्येक किरण अशीच एक बेरीज घेऊन बाहेर येतो. वाटेंत एकंदर किती अडथळा झाला, एवढेंच तो सांगतो. घरें चार नसून कोट्यवधि असलीं, तर बेरजाहि तशाच पुष्कळ दिशांनीं घ्याव्या लागतात, इतकाच फरक.

अशा बेरजांवरून मूळ आकृति पुन्हां उभी करतां येते, हें योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञानें १९१७ सालींच सिद्ध केलें होतें. त्या वेळीं त्याचा कोणास व्यावहारिक उपयोग दिसला नाहीं. पुढें ॲलन कॉर्मॅक यानें हें गणित स्वतंत्रपणें मांडलें, आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यानें त्यासाठीं क्ष-किरणांचें यंत्र बांधलें. १९७१ सालच्या ऑक्टोबरांत लंडनमधील एका रुग्णालयांत त्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. दोघांनाहि १९७९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. या पद्धतीला टोमोग्राफी म्हणतात. ग्रीक भाषेंत टोमोस म्हणजे छेद. शस्त्र न लावतां केलेला हा छेद होय.

न्यूट्रॉनांच्या बाबतींत एवढाच भेद कीं, रोग्याभोंवतीं यंत्र फिरतें, पण अणुभट्टी कांहीं वस्तूभोंवतीं फिरवितां येत नाहीं. म्हणून वस्तूच फिरवावी लागते. वस्तु एका फिरत्या पाटावर ठेवतात. एका बाजूनें न्यूट्रॉनांचा झोत येतो. पलीकडे लिथियम आणि जस्ताचा गंधकयुक्त क्षार यांचा लेप दिलेला पडदा असतो. न्यूट्रॉन लिथियमच्या केंद्रांत शिरला कीं तें केंद्र फुटतें, त्याचे तुकडे वेगानें धांवतात आणि पडद्यावर प्रकाशाची ठिणगी चमकते. ती ठिणगी आरशांत पडते आणि झोताच्या वाटेपासून बाजूला ठेवलेला कॅमेरा आरशांतून ती टिपतो. समोर ठेवला तर न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें कॅमेराच बिघडावयाचा. एक चित्र झालें कीं पाट किंचित् फिरतो, दुसरें चित्र होतें. अशीं कित्येक शें चित्रें झालीं कीं गणकयंत्र बेरजा सोडविण्यास बसतें, आणि पडद्यावर वस्तूचें घनचित्र उभें राहतें. तें हवें तेथें कापावें, धातूची भिंत दूर सारावी, आंतील वस्तु तेवढी फिरवून पाहावी. मूळ वस्तु मात्र पाटावर जशीच्या तशी उभी असते. सामान्यतः केसाच्या जाडीएवढा तपशील या चित्रांत ओळखूं येतो.

त्या सहा मिसरी पेट्यांची परीक्षा याच पद्धतीनें झाली. इंग्लंडांत ऑक्सफर्डशायर परगण्यांत आयसिस नांवाचें न्यूट्रॉनांचें केंद्र आहे. तेथें अणुभट्टी नाहीं. प्रोटॉनांना प्रकाशाच्या गतीच्या शेंकडा ८४ इतक्या वेगानें पळवून टंगस्टन धातूवर आदळतात आणि त्या आघातानें धातूच्या केंद्रांतून न्यूट्रॉन उसळतात. हे न्यूट्रॉन फार वेगवान् असतात. त्यांना हायड्रोजनयुक्त द्रव्यांतून नेऊन मंद करतात. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आपटली कीं तिचा वेग दुसरीला जातो, तसाच हा प्रकार आहे. या केंद्रांत पेट्यांचीं घनचित्रें घेण्यांत आलीं आणि त्यांची हकीकत २०२३ सालच्या एप्रिलमध्यें प्रसिद्ध झाली.

तीन पेट्यांत हाडें आढळलीं. त्यांतील एका पेटींत तर लहानशी कवटी शाबूत होती, आणि तिचें माप उत्तर आफ्रिकेंत राहणाऱ्या लहान सरड्यांच्या एका गटाशीं जुळलें. आणखी दोहोंत हाडांचा चुरा झाल्याच्या खुणा दिसल्या. तीन पेट्यांत कापडाचे अवशेष होते. तें बहुधा तागाचें असावें, म्हणजे प्राण्याचा देह गुंडाळून ठेवला असला पाहिजे. ज्या तीन पेट्यांना टांगण्याच्या कड्या नाहींत, त्यांच्यांत शिसें निघालें. दोहोंत तें वजनाचा तोल साधण्यासाठीं घातलें असावें, आणि तिसरींत एक भोंक बुजविण्यासाठीं. कड्या असलेल्या पेट्या मात्र हलक्या ठेवल्या होत्या. त्या देवळांत किंवा मिरवणुकींत टांगीत असावेत, असें संशोधकांना वाटतें. एवढ्याशा सरड्याचा देह कापडांत गुंडाळून धातूच्या पेटींत कोंडणारा तो अज्ञात कारागीर भोंक पडल्यावर डाग कसा देत होता, हेंहि आज कळतें. आणि त्यानें बंद केलेली पेटी अजून बंदच आहे.

तिबेटांतील धातूच्या बुद्धमूर्तींच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मूर्ति पोकळ घडवावी, तिच्यांत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, पवित्र अवशेष यांसारख्या वस्तु विधिपूर्वक भराव्या आणि खालून पत्रा बसवून ती बंद करावी, अशी तेथील रीत आहे. पत्रा उघडणें म्हणजे प्रतिष्ठा भंगणें. महाराष्ट्रांतील ज्या घरांत देवघर आहे, त्या घरांत या भावनेचें स्पष्टीकरण करावें लागणार नाहीं. स्वित्झर्लंडमधील फिलिगन येथील पॉल शेरर संस्थेंत अशा कांहीं मूर्तींचीं न्यूट्रॉन-चित्रें घेण्यांत आलीं आणि तें काम २०१० सालीं प्रसिद्ध झालें. अभ्यासकाचें कुतूहल आणि भक्ताची श्रद्धा यांच्यांत एकाचा पराभव झालाच पाहिजे असें नाहीं, हें या प्रयोगांनीं दाखविलें.

तरीहि ही दृष्टि अगदींच फुकटची नाहीं. न्यूट्रॉन ज्या केंद्रांत शोषला जातो तें केंद्र कधीं कधीं किरणोत्सर्गी होतें. तांब्यांत उत्पन्न झालेला किरणोत्सर्ग सुमारें १३ तासांत निम्मा होतो, म्हणून कांहीं दिवस वाट पाहिली कीं काम भागतें. चांदींतील एका प्रकाराला निम्मा होण्यास सुमारें २५० दिवस लागतात, आणि कोबाल्टाला पांच वर्षांहून अधिक. यासाठीं वस्तु कोणत्या द्रव्याची आहे याची चौकशी करून, झोत किती वेळ द्यावयाचा हें आधींच ठरवावें लागतें, आणि परीक्षेनंतर मोजमाप करून ती निर्धोक ठरल्यावरच परत पाठवितात. घाई करणाऱ्याच्या हातीं देण्याचें हें साधन नव्हे.

संग्रहालयांखेरीज इतरत्रहि या पद्धतीचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत २०१० सालीं सुमारें साडेनऊ कोटि वर्षांपूर्वींच्या एका मगरीचा पाषाणीभूत सांगाडा सांपडला. दगडांत गुरफटलेलीं तिचीं हाडें न्यूट्रॉनांनीं आणि क्ष-किरणांनीं पाहिलीं, तेव्हां तिच्या पोटांत एका लहान डायनोसॉरचे अवशेष निघाले. २०२२ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली. हीं हाडें इतकीं नाजूक आणि दगडाशीं इतकीं एकजीव झालेलीं कीं, छिन्नीनें तीं सोडविणें दुरापास्त होतें. मातींत वाढणारें मूळ पाणी कोठून ओढतें, चालू इंधन-विद्युत्घटांत पाणी कोठें सांचतें, हेंहि न्यूट्रॉन दाखवितात, कारण पाण्यावर त्यांची नजर हटकून पडते.

भारतांत या विद्येचा पाया मुंबईजवळ तुर्भ्याला घातला गेला. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथें अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. आशिया खंडांतील ती पहिली. तिच्या झोतांवर न्यूट्रॉन-चित्रणाचें काम झालें. जुनी अप्सरा २००९ सालीं थांबविण्यांत आली आणि तिच्या जागीं अधिक शक्तीची नवी अप्सरा सप्टेंबर २०१८ मध्यें कार्यान्वित झाली. १९८५ सालीं सुरू झालेल्या ध्रुव या तेथील मोठ्या अणुभट्टीवरहि न्यूट्रॉन-चित्रणाची सोय करण्यांत आली. दक्षिणेंत कल्पाक्कम येथें १९९६ सालीं कामिनी नांवाची अवघ्या ३० किलोवॉट शक्तीची छोटी भट्टी उभी राहिली. अग्निबाणांत ठराविक क्षणीं स्फोट करून एक भाग दुसऱ्यापासून सोडविणारीं जीं साधनें असतात, त्यांतील दारू नीट भरली आहे किंवा नाहीं, हें या भट्टीच्या न्यूट्रॉनांनीं तपासलेलें आहे. दारूचें साधन उडवून पाहिलें तर तें संपलें, आणि न पाहतां पाठविलें तर अग्निबाणच धोक्यांत. नारळाचाच हा पेंच, फक्त किंमत निराळी. धातूच्या कवचांतून जाऊन आंतील हायड्रोजनयुक्त दारू दाखविणारा साक्षीदार येथें न्यूट्रॉनच.

मात्र हे झरे थोडे आहेत आणि कांहीं आटलेहि आहेत. क्ष-किरणांचें यंत्र तालुक्याच्या गांवींहि मिळतें. न्यूट्रॉनांचा जोरदार झोत मात्र जगांत मोजक्याच ठिकाणीं मिळतो. ज्या बर्लिन शहरीं कालमानानें पहिल्या सावल्या टिपल्या, तेथील संशोधन-भट्टी डिसेंबर २०१९ मध्यें कायमची बंद झाली, आणि तिच्याबरोबर तेथील उत्तम चित्रण-केंद्रहि गेलें. फ्रान्समधील सॅकले येथील ऑर्फे भट्टीहि त्याच वर्षीं थांबली. अशा भट्ट्या जुन्या होतात, त्यांचा खर्च मोठा असतो, आणि त्यांच्याविषयीं लोकांच्या मनांत शंकाहि असतात. त्या शंका सर्वस्वी निराधार आहेत असेंहि म्हणतां येत नाहीं. परंतु अशी एक भट्टी विझली कीं, न फोडतां पाहण्याची एक वाट बंद होते, हेंहि त्या हिशेबांत मांडलें पाहिजे.

संग्रहालयांत, मठांत आणि जुन्या घराण्यांच्या देवघरांत अशा बंद वस्तु अजून कितीतरी असतील. त्यांच्या रक्षकांना आज कोणी सांगितलें कीं आंत काय आहे तें कळण्यासाठीं ही उघडलीच पाहिजे, तर त्यांनीं थोडें थांबावें. अडीच हजार वर्षें जी पेटी थांबली, तिला आणखी कांहीं वर्षें थांबणें जड जाणार नाहीं. उघडलेली मात्र पुन्हां बंद होणार नाहीं.